भोक पहिल्या धुण्यात दिसते

समाजमंदिराच्या स्लॅबवर यंदा पुन्हा सौर पॅनेल बसले, आणि त्यानिमित्त आमच्या गल्लीने एक स्मरणिका छापली. तिच्यात मधेच कुठेतरी चार ओळी आहेत. नव्वदच्या दशकात गल्लीत असा एक प्रयोग झाला होता. करणारा मनुष्य विक्षिप्त होता. त्याने भंगारातले पॅनेल आणून लावले, बॅटऱ्यांतले ॲसिड परस्पर सोनारांना विकले आणि गल्लीला अंधारात ठेवून तो निघून गेला. लिहिणारे आमच्या कोपऱ्यावरचे कापसाचे अडते. वयाने माझ्या बरोबरीचे, स्मरणशक्तीने माझ्याहून पुष्कळ सुखी.

मी उभा जन्म आदिलाबादच्या महसूल कचेरीत काढला. निवृत्त झालो तो नाझर म्हणून. एखादी गोष्ट एकदा मिसलीत, म्हणजे कचेरीच्या फायलीत, चढली की तिच्यापुढे जिवंत साक्षीदारही खोटा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हे लिहितो आहे. त्या माणसाच्या नावावर चोरीचा डाग आहे आणि तो तसाच राहिला, तर मी मेल्यावर तो पुसणारा कोणी उरणार नाही. नाव मात्र लिहिणार नाही. त्यांची मुलगी तलमडुगूकडे नांदते, आणि बापाच्या नावाने तिला एकदा पुरेसे ऐकावे लागले आहे.

विक्षिप्त होते, हे मान्य. ते आधी वीज खात्यात लाइनमन होते. पुष्कळ वर्षे खांबांवर चढले आणि एक दिवस उतरले ते कायमचे. कारण विचारले की म्हणत, "ज्या तारीत काईच नाई, तिच्यासाठी जीव काऊन द्याचा?" पुढे उटनूरच्या एका कचेरीकडून जंगलातल्या गावांचे सौरदिवे दुरुस्त करण्याचे काम त्यांना मिळाले. आठवड्यातले तीन दिवस तिकडे आणि चार दिवस आमच्या गल्लीत, भाड्याच्या एका खोलीत.

त्या काळी आमच्याकडे वीज येत असे असे म्हणण्यापेक्षा ती अधूनमधून चौकशीला येऊन जात असे, असे म्हणणे योग्य होईल. लोक म्हणत, "लाईन गेली." ते लगेच दुरुस्त करीत. "गेली नाई, आलीच नोयती. ती शंभर कोसांवरून निंगते, वाटेत साऱ्याइच्या घरी चहा पेते, अन् आपल्या गल्लीपावतर येता येता थकून बसते. ज्याचं घर जवळ, त्याच्याशी सोयरीक करा." जवळ घर कोणाचे, हे ते तळहात वर करून दाखवीत. उन्हात उभे राहून तळहात असा तिरपा धरायचा, जरा दक्षिणेकडे, की एखाद्याला वाटावे हा मनुष्य आकाशाकडे काही मागतो आहे. मागत नसत, कोन मोजत असत. आमच्या गल्लीत तिन्ही भाषा नांदतात. "मराठी म्हन्ते ऊन, मुसलमान म्हन्ते धूप, तेलुगू म्हन्ते एंडा," ते म्हणत, "पन तिघाइलेबी बिल येत नाई."

माणसे ते वॅटमध्ये मोजत. गल्लीतल्या नर्सबाई साठचा बल्ब. समाजमंदिराचा पुजारी निरांजन, म्हणजे वॅटमध्ये बसतच नाही. अडत्यांना ते हीटर म्हणत: "ओढते लय, अन् देते नुसती गरमी." अडत्यांनी ते आजतागायत विसरलेले नाही; स्मरणिकेतल्या चार ओळींची वात तिथे आहे. माझे माप मी विचारले नव्हते, तरी त्यांनी ते सांगितलेच. "नाझरसाहेब, तुमी झिरोचा बल्ब. रातभर जळता, कोनाच्या डोयावर येत नाई, कोनाच्या कामीबी येत नाई." मला राग आला. आजही तो पूर्ण गेलेला नाही.

त्यांचा सदरा पाहण्यासारखा असे. सगळीकडे भोके, मुगाच्या दाण्याएवढी, हरभऱ्याएवढी, एखादे सुपारीएवढे. बॅटऱ्यांच्या ॲसिडचे थेंब. टेरिकॉट घाला, त्याला काही होत नाही, असे मी एकदा सुचवले. त्यावर उत्तर मिळाले, "ॲसिडले टेरिकॉट चालत नाई. त्याले कापूस पायजे, अन् तोबी आदिलाबादचाच." मग सदऱ्याचे टोक बोटांत धरून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्या वेळी मी ज्ञान म्हणून ऐकली. "थेंब पडते तवा काईच दिसत नाई, साहेब. मानसाले वाटते, वाचलो. भोक पहिल्या धुन्यात दिसते."

आता भंगार. अडत्यांना भंगार या शब्दाचा अर्थ कळतो, कारण तो त्यांच्या धंद्यातला आहे. जंगलातल्या गावांतून कचेरीने नापास ठरवून परत आणलेले आठ पॅनेल होते. माकडांनी काढलेल्या तारा, गंजलेले जोड, एकाच्या काचेला कोपऱ्यात तडा. कचेरीने ते त्यांना रीतसर लेखी परवानगीने दिले. तो कागद मी स्वतः वाचला आहे, आणि कागद वाचणे हे माझे काम होते. त्यांनी ते आठही जिवंत केले. समाजमंदिराच्या स्लॅबवर ते बसले, तीन बॅटऱ्या माझ्या घराच्या पुढल्या खोलीत राहिल्या, कारण भिंत लागून होती आणि गल्लीच्या कमिटीचा सेक्रेटरी मी होतो. खोलीच्या दोन किल्ल्या. एक त्यांच्या खिशात, दुसरी माझ्या कडदोऱ्याला.

त्यावर काय चालत असे? समाजमंदिरातल्या अभ्यासाच्या खोलीत दोन लहान ट्यूब, हापशीवर एक, गल्लीच्या वळणावर एक, आणि नर्सबाईंच्या ओट्यावर एक. एवढेच. परंतु दहावीच्या परीक्षेच्या वर्षी सगळ्या गावात अंधार असताना आमच्या गल्लीची पोरे संध्याकाळी पुस्तक उघडून बसलेली असत, आणि शेजारच्या गल्लीची पोरे चपला हातात घेऊन दाराशी उभी राहत. अडत्यांचे चिरंजीव त्याच खोलीत बसून पास झाले. स्मरणिकेत या चिरंजिवांचा फोटो आहे. त्या खोलीचा उल्लेख नाही.

बायकांशी त्यांचे पहिले भांडण कुरडयांवरून झाले. पॅनेल म्हणजे गल्लीतली सर्वांत स्वच्छ, सर्वांत तापणारी, कुत्र्यामांजरांपासून दूर अशी जागा. चैत्रात एका सकाळी आठही पॅनेलवर कुरडया, पापड आणि सांडगे मांडलेले होते. ते स्लॅबवर चढले आणि खाली वाकून ओरडले, "कोन्या मायनं माया सूर्यावर कुरड्या घातल्या?" माझ्या आईने खालूनच उत्तर दिले, "तुया सूर्य! अन् आमी काय चंद्रावर वायवाव?" दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पॅनेलच्या बाजूला बांबूची मांडणी बांधून दिली, कोन धरून. त्या वर्षीच्या कुरडया अर्ध्या दिवसात वाळल्या, आणि आईने पहिले ताट त्यांच्या खोलीवर पाठवले.

दुसरी तक्रार मे महिन्यातली. ऊन जितके जास्त तितकी वीज जास्त, असा सगळ्यांचा समज होता. परंतु भर मे महिन्यात, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत असताना, वीज मोजण्याच्या यंत्रावरची सुई उलट खाली येई. पॅनेलला उजेड हवा असतो. ताप त्याला सोसत नाही. म्हणून ते दुपारी बादली घेऊन चढत आणि पॅनेलच्या मागच्या बाजूस ओली पोती लावत. अडते खालून सबंध गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "काहो, पॅनेलले ऊन लागलं काय? खिशात कांदा ठेवा ना त्याच्या!" लोक पोट धरून हसले. मीही हसलो. पॅनेलना अंघोळ घालणारा वेडा, ही कीर्ती तेव्हापासूनची. पोती लावल्यावर सुई पुन्हा वर चढलेली मी पाहिली होती, हे मात्र मी त्या दिवशी कोणाला सांगितले नाही. खरे पाहून गप्प बसण्याची सवय तेव्हाच लागली असावी.

मला त्यांनी एक विद्या दिली. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी काडी. फुगा दाबून नळी बॅटरीच्या भोकात घालायची आणि सोडायची. पातळ वर चढते, काडी किती तरंगते त्यावरून बॅटरी किती भरली हे कळते. ते उटनूरला गेले की मी रोज सकाळी हे मोजत असे आणि वहीत लिहीत असे. पातळी कमी झाली तर कॅनमधले शुद्ध पाणी वरून घालत असे. त्यांचा शब्द तोच होता: "नाझरसाहेब, पानी पायत जा. पानी कमी पडलं तं पानी टाका, दुसरं काई टाकू नका." बॅटरीचे पाणी. गल्लीत सगळे तसेच म्हणत. आत जे आहे ते ॲसिड आहे आणि वरून घालतो ते पाणी आहे, हा फरक मी ऐकलेला होता, समजलेला नव्हता.

आणि मग ऐन दिवाळीत, सकाळी, सूर्याला ग्रहण लागले.

आदल्या दिवसापासून आईने घरातल्या प्रत्येक साठवलेल्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले: रांजण, हंडे, दूध, लोणचे. सकाळी सबंध गल्लीची दारे-खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रेही नव्हते. अशा शांततेत स्लॅबवरून एकाच माणसाचा आवाज येत होता. ते यंत्र घेऊन वर उभे होते आणि सुई पडत जाईल तसे आकडे ओरडत होते. "बारा!... दहा!... सात!... पाहा लेकहो, गियून राह्यला!... चार!" बंद दारांआड आम्ही सगळे ते ऐकत होतो. कोणी जप करीत होते, कोणी कानांवर हात ठेवून होते. थोड्या वेळाने आकडे उलटे फिरले. "पाच!... आठ!... सुटला! काई झालं नाई! सुई पडली, सुई उठली, बास!" इतका आनंदी मनुष्य मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. खाली उतरून ते मला म्हणाले, "सहाव्या दिवशी उटनूरच्या कचेरीचे मोठे साहेब येऊन राह्यले. तपासनी झाली का गल्लीच्या अठराच्या अठरा घरी लाईट. कागद तयार हाय, साहेबाची सही तेवढी बाकी." दुपारच्या बसने ते उटनूरला गेले, या खेपेला साहेबांना घेऊनच परत यायचे म्हणून.

ग्रहण सुटल्यावर आईने अंघोळ केली, घरातले सगळे पाणी ओतले, भांडी विसळून नवे पाणी भरले. मग ती पुढल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाबू, त्या पेट्यांइतलं पानी?"

"ते बॅटरीचं आहे, आई. ते वेगळं."

"पानी हाय का नाई?"

"आहे."

"सूर्याचंच हाय ना? अन् ग्रहनातबी ते भरूनच राह्यलं होतं, तो वरतून बोंबलून राह्यला होता. माया घरात ते पानी नाई पायजे. ते जाईस्तोवर मी तोंडात घास घेत नाई."

आदल्या दिवसापासूनचा उपवास. तिचे वय पंच्याहत्तर. मी कमिटीचा सेक्रेटरी. अंधश्रद्धेवर गल्लीत दोनदा भाषण केलेला. दोन तास मी तिची समजूत घातली. तिसऱ्या तासाला दार आतून लावले आणि ती काचेची नळी हातात घेतली.

अडतेसाहेब, इथे नीट वाचा.

मी फुगा दाबत होतो, सोडत होतो, आणि एकेका भोकातले पातळ बादलीत काढत होतो. जितके निघाले तितके काढले. मग कॅनमधले शुद्ध पाणी भरले, तेच, जे त्यांनी मला घालायला सांगितले होते. विहिरीचे घातले नाही, नळाचे घातले नाही. इतका मी काळजीपूर्वक वागलो. पितळी तांब्या तीनदा विसळतात, म्हणून पुन्हा काढले, पुन्हा भरले. तिन्ही बॅटऱ्या, तीन वेळा. बादली मागल्या मोरीत ओतली, तेव्हा शहाबादी फरशी फसफसली आणि तिच्यावर पांढरा फेस आला. आई मागे उभी होती. म्हणाली, "पाय, दोष निंगून राह्यला." मग ती जेवली. मी हात धुतले, आणि मला असे वाटले की एका म्हातारीचा जीवही राखला आणि विज्ञानही.

त्या संध्याकाळी ट्यूब टोकांना तांबूस झाल्या, थरथरल्या, आणि तासाभरात विझल्या. मला वाटले, एक-दोन दिवस ऊन लागले की उठतील. दोन दिवस लागले, चार लागले. वहीत मी काहीही लिहिले नाही.

सहाव्या दिवशी जीप आली. साहेबांच्या शेजारी ते बसलेले होते आणि त्यांच्या अंगात नवा कोरा सदरा होता, एकही भोक नसलेला. सगळी गल्ली जमली. त्यांनी स्वतः बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. अडते म्हणाले, "कांदा ठेवला नाई वाटते." साहेबांबरोबर आलेल्या मेकॅनिकने खोलीत जाऊन नळी घातली, आतली काडी थेट तळाला गेली. त्याने नळी उजेडात धरली. "साब, ये तो खाली पानी है. ॲसिड कोई निकाल लिया."

बाहेर कोणीतरी म्हणाले, "सोनाराइले लागते ना ॲसिड." मागून दुसरा म्हणाला, "हो, पैसे देतेत चांगले." एवढ्यात खटला उभा राहिला, चालला आणि निकालात निघाला. मी सरकारी खात्यात हयात घालवली. इतका जलद निकाल मी पाहिलेला नाही.

त्यांनी मेकॅनिकच्या हातून नळी घेतली, एका बॅटरीत घातली, दुसरीत, तिसरीत. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी न समजल्याचा त्रास होता, मोठ्या आकड्याच्या बेरजेत चूक सापडत नसताना होतो तसा. मग सवयीने हात धुवायला ते माझ्या मागल्या अंगणात गेले. मीही मागोमाग गेलो. का गेलो, ठाऊक नाही.

दोरीवर माझे धोतर वाळत होते. ग्रहणाच्या दिवशी नेसलेले, त्याच सकाळी प्रथम धुतलेले. मांडीच्या भागात वीसपंचवीस भोके होती, मुगाएवढी, हरभऱ्याएवढी. मी ती तोपर्यंत पाहिली नव्हती. त्यांनी पाहिली. मग मोरीकडे पाहिले, फरशीवरच्या पांढऱ्या डागाकडे. मग माझ्याकडे.

"धुनं झालं वाटते," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी हात धुतले आणि नव्या सदऱ्याला पुसले. आम्ही पुढे आलो. साहेब कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, "या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

ते म्हणाले, "मायाकडं."

साहेबांनी पुन्हा विचारले, "आणखी कोणाकडे?"

ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की दुसरी किल्ली नाझरसाहेबांकडे असते, पण नाझरसाहेबांकडे कोणी पाहिले नाही. झिरोचा बल्ब कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पुढचे अडत्यांनी लिहिले आहे तसेच घडले. ते निघून गेले. निघून गेले म्हणजे कंत्राट गेले, खोली गेली, पॅनेल कचेरीने उतरवून नेले आणि अठरा घरांचा कागद सहीविना पडून राहिला. तलमडुगूकडे ते मोटारपंप दुरुस्त करीत. बाजारात एक-दोनदा समोर आले; "बरं हाय काय, नाझरसाहेब?" एवढेच विचारले आणि पुढे गेले. एकदाही त्यांनी मला विचारले नाही, की तुम्ही का बोलला नाहीत. विचारले असते तर मी उत्तर दिले असते असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो. तेही आता मानत नाही. आई गेली, तिला शेवटपर्यंत काही ठाऊक नव्हते. तेही गेले, कळले तेव्हा दहावा होऊन गेला होता.

तेव्हा स्मरणिकेच्या पुढच्या छपाईत दुरुस्ती अशी करावी. ॲसिड विकले गेले नाही. ते माझ्या घरच्या मोरीत, शहाबादी फरशीत आहे. घर दोनदा रंगवले, मोरी नवी बांधली, पण ती एक फरशी मी काढू दिलेली नाही. डाग हाताएवढा आहे, घासून जात नाही. ज्यांना माझा शब्द पटत नसेल त्यांनी येऊन पाहावे. दुपारी यावे, त्या वेळी मागल्या अंगणात ऊन असते. अडत्यांनी सर्वांआधी यावे; किल्लीची गरज नाही, दार उघडे आहे.